टीव्हीवरचा मांडा

कंपनीने पाठवलेला कन्सोल शहाद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. कुरिअरवाल्याने फोनवर सांगितले की आमच्या गावाकडे गाडी आता आखाजी झाल्यावरच येईल. आखाजी, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया, रविवारी होती आणि मला काम सोमवारी सकाळी पाठवायचे होते. म्हणून शुक्रवारी दुपारी, डोक्यावरून ओढणी गुंडाळून, मी स्कूटीवर जाऊन तो खोका घेऊन आले. येताना तो पायांशी ठेवला होता. प्रत्येक गतिरोधकावर मला वाटायचे की आत काहीतरी सुटले.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. कंपनीचा एकच गेम बऱ्यापैकी चालला. मोबाइलवरचा, साधा. फळ्या, चेंडू, दोऱ्या, बादल्या. एखादी वस्तू बोटाने ओढायची, सोडायची, आणि ती खऱ्यासारखी पडते, घरंगळते, लोंबते. त्यातून कोडे सोडवायचे. त्याच्या बऱ्याच लेव्हल मी बनवल्या आहेत. सांगितले तशा बनवल्या. इथे उतार दे, तिथे चेंडू अडकव. त्यांत माझे असे काही नाही, हे मला ठाऊक आहे.

एक लेव्हल मात्र मी कोणी न सांगता बनवली होती. मांड्याची. खाली चूल, चुलीवर पालथे घातलेले खापर, आणि हवेत कणकेचा गोळा. दोन बोटांनी तो ताणायचा, फिरवायचा, मोठा करायचा, आणि फाटायच्या आत खापरावर पसरून टाकायचा. आमच्याकडच्या बायका पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत खेळवत मोठा करतात. लाटून तो तेवढा होतच नाही. मऊ कणीक लोंबताना नीट दिसावी म्हणून मी तीन आठवडे घालवले होते. मोबाइलवर लोकांना ती लेव्हल आवडली. कोणी तिला रोटी म्हणाले, कोणी रुमाल. मी कुणालाही दुरुस्त केले नाही.

आता तोच गेम टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर जाणार होता. तिथे बोट नाही. हातात धरायचा कंट्रोलर, त्यावर अंगठ्याने हलवायच्या दोन छोट्या दांड्या. डावी दांडी डावा हात, उजवी दांडी उजवा हात. दोन्ही बाहेर लोटल्या की कणीक ताणते, गोल फिरवल्या की फिरते, दोन्ही एकदम खाली ओढल्या की खापरावर पडते. आमच्या लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, ते पटले नव्हते. काढून टाकायच्या लेव्हल्सची यादी त्याने पाठवली तेव्हा माझी त्यात पहिली होती. मी दोन दिवस विचार करून त्याला चार ओळींचा मेसेज लिहिला. त्याचे उत्तर एका ओळीत आले. पाच नवी माणसे बसव, प्रत्येकाला तीन प्रयत्न, पाचही जणांनी पार केली तर लेव्हल राहील. हातांचा आणि स्क्रीनचा व्हिडिओ हवा.

पाच नवी माणसे. हे वाक्य लिहिणाऱ्याला कल्पना नसते की माझ्यासारखीला कोणाला काही विचारायचे म्हणजे काय असते. मी शहाद्याच्या इंग्रजी शाळेत शिकले. घरात सगळे अहिराणी बोलतात, मला ती पूर्ण कळते, पण मी उत्तर शाळेतल्या मराठीत देते, आणि समोरच्याला लगेच वाटते की ही शिष्ट आहे. म्हणून मी बोलतच नाही. मोबाइलवरच्या कामाचे एक बरे होते. ते माझ्या तळहाताएवढे होते. कोणी विचारले तर स्क्रीन बंद करता यायची. आता तेच काम घरातल्या एकुलत्या एका टीव्हीवर, बाहेरच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत सगळ्यांसमोर मांडायचे होते.

शनिवारी दुपारी पुरुष शेतात आणि बाजारात होते. तेवढ्या वेळात बायकांना बसवायचे असे मी ठरवले, कारण काका आणि त्यांचे मित्र बाहेरच्या खोलीत असले की काकू तिथे बसत नाही. दाराशी उभी राहून बोलते, पदर डोक्यावर घेऊन. माझ्या मनात पहिली होती ती काकूच. गल्लीत कोणाच्याही घरी मांडे असले की खापराशी तिलाच बसवतात. मला वाटले, हिला जमले नाही तर कोणाला जमणार. उलट मला भीती होती की ती पहिल्याच प्रयत्नात पार करेल आणि लीड म्हणेल, ही नवी नाही, हिने आधी खेळलेय.

आखाजीसाठी काकूची मुलगी, माझी ताई, सुरतहून माहेरी आली होती. ती हा गेम बसमध्ये रोज खेळते, म्हणून ती मोजण्यात चालत नव्हती. तिने काकूला हाताला धरून आणले.

काकू टीव्हीसमोर खाली बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हाई काय शे?"

"मांडा आहे, काकू. तो मोठा करून खापरावर टाकायचा."

"ते दखी ऱ्हायनी मी. हात कोठे शेतस?"

मी सांगितले की हात तिच्याच हातात आहेत, या दोन दांड्या म्हणजेच हात.

"दांडा तो दांडा, हात तो हात," काकू म्हणाली. पण तिने कंट्रोलर घेतला.

घेतला आणि दोन्ही हात खांद्यापासून उचलले. कोपरे बाहेर काढून, मनगटे सैल सोडून, ती कंट्रोलरसकट हात असे फिरवू लागली की मला दिसलेच, मांडा तिच्या हातांवर होता. टीव्हीवर मात्र गोळा जिथल्या तिथे.

"हाली नही ऱ्हायनं."

"हात नको हलवू. फक्त अंगठे."

"अंगठावरी मांडा? कोनी सांगं तुले?"

ताई हसत सुटली. "मॅडमनी सांगं, माय. मॅडमले पुस्तकमा सापडनं व्हई."

पहिला प्रयत्न त्यातच गेला. दुसऱ्यात काकूचे अंगठे हलायला लागले. ती हुशार आहे. थोड्याच वेळात कणीक ताणायला लागली, फिरायला लागली. मी मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर उभा करून तिच्या हातांचा व्हिडिओ घेत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, झाले, आता सोड. कणकेने खापराचा घेर केव्हाच झाकला होता. नुसत्या दोन्ही दांड्या खाली ओढल्या असत्या तर लेव्हल पार झाली असती.

काकू सोडेना.

"आता टाक, काकू."

"काठ जाड शे."

"चालतो. गेममध्ये चालतो. टाक."

"काठ जाड शे ना आजून."

ती फिरवत राहिली. स्क्रीनवरचे घड्याळ संपले, कणीक आपोआप खाली लोंबली आणि चुलीत पडली. काकूने माझ्याकडे पाहिले.

"कोनी टाईम लावा? खापर काय पळी जास का?"

तिसऱ्यांदाही तेच. मी सांगितले, ताईने सांगितले, अगदी ओरडून सांगितले. माय, गेम शे तो, टाकी दे ना. काकू म्हणाली, पाव्हना मांडा उलटा करीसन दखतस, काठ दखतस पह्यले. आणि वेळ संपला.

मग आई बसली. आई तशी माझे ऐकते. तिला मी आधीच बजावले होते की काठ बघायचा नाही. तिने मान हलवली, आणि तिन्ही वेळा काठ बघितला. तिसऱ्या वेळी तर घड्याळाकडे बघून घाईने ताणला आणि मांडा मधोमध फाटला. शेजारची वहिनी बसली. तिचे लग्न होऊन चारच वर्षे झालीत, ती अजून मांडे शिकतेय, म्हणून मला आशा होती. पण काकू मागे बसून तिला सांगत होती, फिरव, फिरव, काठ दख. सासरच्या गल्लीतली वहिनी काकूचे ऐकेल की माझे. नऊ प्रयत्न, तीन बायका, एकही पार नाही.

मला इतका राग आला की मी कंट्रोलर काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. कोणावर आला ते तेव्हा कळले नाही. काकूने उठताना गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुले खापरवर एक मांडा टाकता येस नही, नि टीव्हीमा गल्लीले शिकाडी ऱ्हायनी." ती रागाने म्हणाली नव्हती. तिला खरेच गंमत वाटली होती. त्यामुळे जास्त लागले.

संध्याकाळी मी लेव्हलचे आकडे काढून बघितले. किती मोठा आणि किती पातळ झाला म्हणजे मांडा झाला असे गेमने समजायचे, त्याचा एकेक आकडा लेव्हलमध्ये असतो. ते मीच टाकलेले. मोठेपणाचा बरोबर होता. पातळपणाचा फारच ढिला. काठ कसाही असला तरी मधला भाग पसरला की झाले. मी असा का टाकला असेल ते आठवायचा प्रयत्न केला. लेव्हल बनवायच्या आधी, काम नीट व्हावे म्हणून, मी स्वयंपाकघरात कोणी नसताना चार-पाच वेळा खरी कणीक हातावर घेऊन बघितली होती. दर वेळी मधे पातळ आणि कडेला गोल दोरी उरायची. त्याच्या पुढे माझ्याकडून गेलेच नाही. मला तेवढेच येत होते, म्हणून गेमलाही तेवढेच पुरत होते.

आता आकडा बदलावा तर लेव्हल अवघड होणार, आणि पाचांपैकी कोणीच पार करणार नाही. न बदलावा तर ज्यांना मांडा येतो तेच हरणार. मी लॅपटॉप मिटला. जेवताना आईने दोनदा विचारले की डोके दुखतेय का, आणि मी दोन्ही वेळा हो म्हटले.

रविवारी सकाळपासून मागच्या अंगणात खापर चढले होते. आमरसाच्या पातेल्यावर ओले फडके, सगळीकडे भाजलेल्या कणकेचा वास. बाहेरच्या खोलीत काका आणि त्यांचे चार मित्र पत्ते घेऊन बसले होते. आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना कोणी नाही म्हणत नाही. एरवी काकांच्या हातात पत्ते दिसले तर काकू दोन दिवस बोलत नाही. पण आखाजीला तीच त्यांना चहा नेऊन देते.

मी कन्सोलच्या वायरी गोळा करायला तिथे गेले होते. सोमवारी लीडला लिहायचे होते की झाले नाही. मागून ताई आली, तिने माझ्या हातातला कंट्रोलर घेतला आणि सरळ काकांच्या मांडीवर टाकला.

"अप्पा, खेळी दखा. मायले नही जमनं."

एवढे पुरले. काकांनी पत्ते पालथे ठेवले. "तुन्ही मायले नही जमनं? काय शे त्यामा? पत्ता शेतस का?"

मी सांगितले की मांडा आहे. पाचही जण हसले. मी मोबाइल पुन्हा थप्पीवर ठेवला, कारण माझ्या हाताला तेवढे तरी काम हवे होते.

काकांनी दोन्ही दांड्या बाहेर लोटल्या. कणीक ताणली. अर्धी फिरली. त्यांनी दोन्ही दांड्या खाली ओढल्या. मांडा खापरावर थप्प पडला, एका बाजूला घडी, कडेला बोटाएवढा जाड काठ. टीव्हीवर तीन तारे आले आणि घंटा वाजली.

"व्हयनं का?"

"झाले," मी म्हणाले.

मग दुसऱ्याने घेतला. तिसऱ्याने. एकाचा मांडा फाटता फाटता राहिला, तरी तीन तारे. एकाने तर फिरवलाच नाही, चादर झटकावी तसा पसरला आणि टाकला. पाचही जण पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात पार. ज्यांनी जन्मात कणकेला हात लावला नव्हता त्यांना माझा गेम शाबासकी देत होता. त्यातला एक दाराकडे बघून म्हणाला, "वहिनी, आते खापरजोडे बसू नका. मांडा आम्हीच करसूत."

दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून ते माहीत नाही. टीव्हीवर शेवटचा मांडा अजून दिसत होता, ताऱ्यांसकट.

"काठ दख," ती म्हणाली. त्यांना नाही, मला. "असा मांडा कुत्राबी खास नही."

"तारा तीन शेतस पन," काका म्हणाले.

"तारा चाटा मंग." ट्रे खाली ठेवून ती मागे गेली, आणि काकांच्या मित्रांनी काकांची इतकी चेष्टा केली की पुढचा डाव अर्धा तास सुरू झाला नाही.

माझ्याकडे पाच पार झालेले व्हिडिओ होते. पाच नवी माणसे, लीडने मागितली होती तशी. आदल्या दिवशीच्या तीन बायकांचे व्हिडिओ नुसते पुसून टाकले असते तर कोणाला कळले नसते. मी आठही पाठवले. हे मी फार सच्ची आहे म्हणून केले असे नाही. मला वाटत होते की ते बघून लीड तरी काही म्हणेल. जे मला म्हणायचे आहे ते दुसऱ्या कोणीतरी आधी म्हणावे, ही माझी जुनी सवय.

सोमवारी सकाळच्या कॉलमध्ये तो खूश होता. पाच पास, म्हणजे लेव्हल राहिली. "त्या तीन काकूंना कंट्रोल्स कळले नाहीत, ते सोडून दे," तो म्हणाला. "बाकी मस्त टेस्ट झालीय. काका भारी आहेत तुझे."

मी कॉलवर कॅमेरा लावत नाही आणि माइकही बहुतेक बंदच असतो. तो मी सुरू केला. माझा आवाज मला कूलरच्या आवाजात लहान ऐकू आला.

"त्यांना कळले होते," मी म्हणाले. "मांडा झाला नव्हता म्हणून त्यांनी टाकला नाही. माझा आकडा चुकलाय. काठ जाड राहतो."

"म्हणजे?"

"म्हणजे जे पार झाले ते व्हायला नको होते. आणि वेळही वाढवायला पाहिजे."

वाईट माणूस नाही तो. त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचा तरी सोमवार असणार. "हे बघ," तो म्हणाला, "खेळणाऱ्यांपैकी किती जणांना हा पदार्थ माहितीय? त्यांच्यासाठी ती एक गोल, मऊ वस्तू आहे. उद्या गेमचे फायनल बिल्ड कन्सोलवाल्यांकडे जाणार. आकडा बदलायचा असेल तर बदल, पण मग टेस्ट नव्याने, पाच माणसे, आज संध्याकाळपर्यंत. त्यात पाचही पार नाही झाले तर ती काढतो आणि तिच्या जागेवर बादलीवाली लेव्हल टाकतो. तू सांग."

मी हिशेब केला. काकूला, आईला, वहिनीला पुन्हा बसवायचे, आणखी दोघी शोधायच्या. पुरुष आज कामावर. नवा आकडा टाकला तर काकूला जमेल का, अंगठ्यावर, संध्याकाळपर्यंत? जमलेही असते. काकूला सांगितले असते की आता काठ मोजला जाईल, तर ती हट्टाने बसली असती. पण बाकीच्या चौघींना? आणि त्यासाठी मला आत जाऊन, सणाच्या दुसऱ्या दिवशी, आवराआवरीत बुडालेल्या बायकांसमोर उभे राहून म्हणावे लागले असते की तुम्ही बरोबर होता, मी चुकले, पुन्हा एकदा या.

"सांग ना," तो म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणाले. "आहे तशीच जाऊ द्या."

"गुड. क्रेडिट्सची नावे भरून पाठव."

मी फॉर्म भरला. माझे नाव, काम, आणि खाली आभार मानायचे असतील तर त्यासाठी एक रकाना. त्यात मी काकूचे पूर्ण नाव टाकले, माहेरच्या आडनावासकट. मला वाटले, एवढे तरी.

दुपारी काकू ताईच्या पिशवीत मांडे भरत होती. ताई चारच्या गाडीने सुरतला निघणार होती. एकेक मांडा चौकोनी घडी घालून जुन्या सुती धोतरात ठेवायचा, मध्ये कागद. मी कागद देत होते.

"पास व्हयना का तुन्हा मांडा?" काकूने विचारले.

"हो."

"कोना? मन्हा का त्यासना?"

"त्यांचा."

काकूने पुढची घडी घातली. काठ इतका पातळ होता की घडीवर आतले पुरण दिसत होते. तिने कागद मागितला नाही, नुसता हात पुढे केला, मी दिला.

"तुन्हं नाव येई का त्यावर?"

"येते. शेवटी सगळ्यांची नावे येतात."

"मंग मन्हं नको लावजो," ती म्हणाली आणि धोतराची गाठ बांधली. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली.

मी तिला काहीच सांगितले नव्हते. तिने अंदाजानेच म्हटले असेल, किंवा ताईने लॅपटॉपमध्ये डोकावले असेल. मी वर गेले, फॉर्म पुन्हा उघडला आणि तो रकाना रिकामा केला. खाली सूचना आली की हा रकाना ऐच्छिक आहे. मी पाठवा दाबले.